स्मूदी होत नाही, फळ जागचे हलत नाही, मिक्सर मध्येच थांबतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

मार्चअखेरीस ऊन तापू लागते, घरोघरी केळी, चिकू आणि पपई येऊ लागतात, आणि माझ्याकडे दरवर्षीची तक्रारही येऊ लागते. बेळगावच्या शहापुरातली जाऊ, निपाणीची मावसबहीण, खानापूर तालुक्यातल्या खेड्यात दिलेली भाची आणि वरच्या मजल्यावरच्या काकी, सगळ्यांचे गाऱ्हाणे थोड्याफार फरकाने एकच असते. मावसबहिणीचे शब्द असे होते: "अक्का, पातं फिरायलंय खरं केळं हलंना झालंय." कोणाकडे मिक्सर नुसता घुमतो, कोणाकडे तो चालता चालता गप्प होतो, आणि मग नवा मिक्सर घेण्याची भाषा सुरू होते. माझ्या स्वतःच्या आणि नात्यातल्या मिक्सरवर हा दोष मी इतक्या वेळा दूर केला आहे की एक गोष्ट खात्रीने सांगू शकते: या तक्रारीत मोटर क्वचितच दोषी असते. भांड्यात काय घातले, किती घातले आणि कोणत्या क्रमाने घातले, येथेच बहुतेक वेळा घोटाळा झालेला असतो.

म्हणून पुढच्या तपासण्या दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि पाच मिनिटांत त्या पुऱ्या होतात. हे सर्व मी आपल्याकडच्या नेहमीच्या मिक्सरबद्दल लिहीत आहे, म्हणजे खाली 500 किंवा 750 वॅटची मोटर आणि वर स्टीलची दोन-तीन भांडी असलेला, ज्याला आमचा कन्नड बोलणारा शेजार मिक्सी म्हणतो.

लक्षणे

दोष ओळखताना डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. बटण फिरवताच आवाज क्षणभर जड येतो आणि लगेच चढून रिकाम्या भांड्यासारखा तीक्ष्ण होतो, आणि पारदर्शक झाकणातून पाहिले तर वरच्या फोडी जशाच्या तशा बसलेल्या दिसतात, हे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. याचा अर्थ पात्याभोवती हवेची पोकळी तयार झाली आहे आणि पाते त्या पोकळीतच फिरत आहे.

दुसऱ्या प्रकारात दबका घुमण्याचा आवाज येतो, पण पाते अजिबात फिरत नाही. हे लक्षण दिसताच बटण ताबडतोब शून्यावर आणावे, एक-दोन सेकंदांपेक्षा अधिक वाट पाहू नये. मोटर फिरत असते तेव्हा तिच्या फिरण्यामुळेच आत विरुद्ध दिशेचा दाब तयार होतो आणि तो विजेचा प्रवाह आवाक्यात ठेवतो. मोटर जागीच अडकली की हा लगाम सुटतो, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि तांब्याच्या गुंडाळ्या झपाट्याने तापतात. माझा लग्नातला मिक्सर असाच गेला. चिकूची एक बी पात्याखाली अडकली होती, आणि "आता सुटेल, मग सुटेल" म्हणत मी चार-पाच वेळा बटण दाबून धरले. त्या दिवसापासून घुमण्याचा आवाज आला की माझा हात आपोआप बटण बंद करतो.

तिसऱ्या प्रकारात मिक्सर मिनिटभर नीट चालतो आणि एकदम बंद पडतो, मग बटण कितीही फिरवले तरी हूं की चूं करत नाही. चौथ्यात भांड्याच्या बुडाखाली दूध झिरपलेले दिसते आणि ते कधीकधी काळपट असते. पाचव्यात मोटर फिरताना ऐकू येते, पण पाते अडखळते, टकटक आवाज येतो आणि भांडे उचलल्यावर खाली बारीक काळी पूड पडलेली असते. शेवटचे लक्षण वासाचे आहे, आणि त्यात भेद करायला शिकावे. सायकलची ट्यूब तापल्यासारखा रबरी वास कपलरचा, म्हणजे भांडे आणि मोटर यांना जोडणाऱ्या दातेरी चकतीचा असतो. नव्या रंगासारखा, घशाला झोंबणारा उग्र वास मात्र गुंडाळीवरच्या वार्निशचा असतो, आणि तो आला तर पुढचे काहीही न वाचता थेट या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जावे.

भांड्यात हात, चमचा किंवा उलथने घालण्यापूर्वी बटण शून्यावर आणून प्लग काढलेला असला पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ओट्यावर भांडे सरकवताना कोपराचा धक्का लागून ते पुन्हा फिरू शकते.

पहिली तपासणी: भांडे आणि झाकण

भांडे उचलून पुन्हा बसवावे आणि ते खाचेत पूर्ण फिरले आहे ना, हे दोन्ही हातांनी हलवून पाहावे. काही मिक्सरमध्ये भांडे किंवा झाकण पूर्ण बसल्याशिवाय वीजच जोडली जात नाही, त्यामुळे अर्धवट बसलेले भांडे म्हणजे वरकरणी मेलेला मिक्सर. ज्यांच्यात अशी सोय नाही त्यांच्यात अर्धवट बसलेल्या भांड्याचे दाते मोटरीच्या दात्यांवर नुसते घासतात आणि झिजतात. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, म्हणून ती पहिली.

दुसरी तपासणी: पातळ पदार्थ खाली आहे का, आणि पुरेसा आहे का

या एका तपासणीत निम्म्याहून अधिक फोन मिटतात, म्हणून ती सविस्तर सांगते.

मिक्सरचे पाते फळ ओढून घेत नाही, ते समोर आलेले फळ बाहेरच्या बाजूला फेकते. फेकलेला ऐवज भांड्याच्या भिंतीवर आदळून वर चढतो, मधोमध खळगा पडतो, आणि त्या खळग्यातून वरचे फळ पुन्हा पात्यावर उतरते. नदीतल्या भोवऱ्यासारखे हे चक्र अखंड चालले तरच स्मूदी एकजीव होते, आणि ते चालायला वाहणारा पदार्थ लागतो. पात्याशी नुसते केळे असेल तर पाते आपल्यापुरते केळे कापून बाजूला सारते, तेथे हवा भरते, आणि वरचा घट्ट गोळा त्या पोकळीवर घुमटासारखा उभा राहतो. पात्याला आता कापायलाच काही उरत नाही, म्हणून आवाज चढतो.

उपाय क्रमात आहे. आधी दूध, पाणी किंवा ताक घालावे, त्यावर मऊ फळ, आणि कडक किंवा गोठवलेल्या फोडी सर्वांत वर. फोडींच्या वजनाने मऊ फळ खाली दाबले जाते आणि पात्याला पहिल्या क्षणापासून पातळ पदार्थ मिळतो. प्रमाण म्हणाल तर दोन मध्यम केळ्यांना, म्हणजे सोलून साधारण 200 ग्रॅम गराला, 200 ते 250 मिलिलिटर दूध पुरेसे होते. यापेक्षा घट्ट हवी असेल तर फळ एकजीव झाल्यावर झाकणाच्या छिद्रातून थोडे थोडे वाढवावे, सुरुवातीलाच सगळे कोंबू नये.

दही घालणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचे दही सुरीने कापावे इतके घट्ट लागते, आणि असे दही भांड्याच्या तळाशी गेले की ते पातळ पदार्थाचे काम करीतच नाही. शहापूरच्या जावेची तक्रार तीन उन्हाळे याच कारणाने येत होती. ती दही आधी घालत होती, म्हणजे क्रम बरोबरच होता, पण पाते दह्याचा एक गोल तुकडा कापून त्यातच फिरत होते. दही वाटीत थोड्या पाण्याबरोबर आधी रवीने घुसळून ओतण्याइतके सैल केले, आणि तक्रार संपली. ओट्सचेही तसेच. ते मिनिटामिनिटाला पाणी शोषतात, त्यामुळे भांड्यात घालून दुसऱ्या कामाला लागलात तर परत येईपर्यंत लापशी झालेली असते. भिजवलेला सब्जा तर मिक्सरमध्ये घालूच नये, तो पेल्यात वरून घालायचा असतो.

भांडे कोणते घेतले आहे हेही पाहावे. मोठ्या भांड्याच्या आतल्या अंगाला उभे उंचवटे असतात, ते शोभेसाठी नसून फिरता ऐवज अडवून आत वळवण्यासाठी असतात. ते नसतील तर सगळा गोळा पात्याबरोबर एकसंध गरगरत राहतो आणि वरचे वर, खालचे खाली राहते. स्मूदीसाठी हेच मोठे भांडे वापरावे आणि ते दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. मात्र एकाच माणसापुरती स्मूदी मोठ्या भांड्यात केली आणि ऐवज पात्याच्या टोकांपर्यंतही पोचला नाही, तर तो भिंतींना चिकटून बसतो. अशा वेळी चटणीचे लहान भांडे अधिक चांगले काम करते.

आता फळ अडकलेच असेल तर काय करावे? प्लग काढावा, झाकण उघडावे आणि लाकडी उलथन्याच्या दांड्याने कडेने, भिंतीला लागून, दोन-तीन ठिकाणी हळूच खाली टोचावे. दांडा तळापर्यंत गेला की बुडबुडा फुटल्याचा "पुळुक्" आवाज येतो आणि वरचा थर बोटभर खाली बसतो. ती अडकलेली हवा. मग दोन-तीन चमचे दूध त्याच भोकांतून ओतावे, झाकण लावावे, आणि बटण उलट्या बाजूला म्हणजे पल्सवर एकेक सेकंदाचे चार-पाच झटके द्यावेत. दोन झटक्यांमध्ये सेकंद-दोन सेकंद थांबावे, कारण त्या थांबण्यातच फळ खाली उतरते. वरच्या फोडी आत ओढल्या जाताना दिसल्या की एक नंबरवर वीस सेकंद आणि मग वरच्या वेगावर तेवढेच चालवावे. पहिल्यापासून तीन नंबरवर टाकणाऱ्यांची पोकळी हमखास होते.

तिसरी तपासणी: फळ किती कडक, किती धाग्यांचे, बी काढलेली का

फ्रीजरचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असते, आणि तेथे अख्खे ठेवलेले केळे लाकडासारखे होते. त्याचा तुकडा पाते आणि भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला की दुसऱ्या लक्षणातला घुमण्याचा आवाज येतो. केळे सोलून बोटाच्या पेराएवढ्या चकत्या कराव्यात, त्या ताटलीत एकमेकींना न लागता पसरून गोठवाव्यात आणि मगच डब्यात भराव्यात, म्हणजे त्यांचा एक दगड होत नाही. वापरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवाव्यात. बर्फाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तिकेत बर्फ चालतो असे लिहिले नसेल तर तो घालू नये. थंड हवी असेल तर फळ गोठवावे किंवा बर्फ पेल्यात घालावा.

खजूर हा दुसरा नेहमीचा अपराधी. तो पात्याला चिकटून गोळा होतो, म्हणून बी काढून, चिरून, कोमट दुधात वीस मिनिटे भिजवून त्या दुधासकट घालावा. बदामही रात्रभर भिजलेलेच घ्यावेत.

धाग्यांची फळे वेगळा त्रास देतात. आंबोली घाटाने कोकणातून येणाऱ्या हापूसला धागा जवळपास नसतो, त्यामुळे त्याच्या फोडी थेट चालतात. जवारी म्हणजे गावठी आंब्याचे धागे मात्र पात्याच्या बुडाशी, जेथे दांडा तळातून वर येतो तेथे, सुतासारखे गुंडाळले जातात, आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे साचून महिन्याभरात पाते जड करतात. असा आंबा हाताने पिळून, रस गाळूनच घालावा. खानापूरकडून येणाऱ्या फणसातही हाच भेद आहे. काप्या फणसाचे कडक गरे बारीक चिरून घातले तर सुरळीत वाटले जातात, बरक्याचे गिळगिळीत, तंतुमय गरे चाळणीवर रगडून त्यांचा रसच घ्यावा.

बियांबाबत तडजोड नको. चिकूची बी चपटी, कडक आणि गुळगुळीत असते आणि ती पात्याखाली अशी सरकते की वरून दिसतही नाही. सीताफळाच्या बिया तर चुकूनही वाटल्या जाऊ नयेत. मिक्सरसाठी त्या त्रासदायक आहेतच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फुटलेली बी विषारी असते आणि तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. सीताफळाचा गर चाळणीवर हाताने सोडवावा आणि बिया मोजल्यासारख्या बाजूला काढाव्यात.

चौथी तपासणी: भांडे उलटे करून खालचा कपलर फिरवणे

भांडे रिकामे करून, धुऊन, हातात उलटे धरावे आणि बुडाचा दातेरी कपलर बोटाने फिरवावा. तो थोड्या ओढीने, पण सलग फिरला पाहिजे आणि त्याबरोबर पातेही फिरले पाहिजे. मिक्सर सुरू न करता दोष भांड्यात आहे की मोटरीत, हे सांगणारी ही सर्वांत भरवशाची चाचणी आहे, म्हणून ती कधीही गाळू नये.

कपलर हलतच नसेल तर दांड्याभोवतीच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, दूध आणि साखर वाळून घट्ट झालेली असते. स्मूदीच्या भांड्यात हे फार होते, कारण आपण ते नळाखाली खळबळून ठेवतो आणि पात्याच्या बुडाखालचा थर तसाच राहतो. काकींच्या भांड्यात मी टॉर्च धरून पाहिले तेव्हा पात्याच्या खाली करड्या-तपकिरी रंगाचे, नखाने खरवडावे लागेल असे कडे जमले होते, आणि त्याला आंबलेल्या लोण्याचा वास येत होता. भांड्यात पाते बुडेल इतके कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब घालून अर्धा तास ठेवावे आणि मधूनमधून खालून कपलर मागे-पुढे फिरवावा. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने पात्याखाली घासावे. उकळते पाणी घालू नये, त्याने खालची रबरी सील कडक होऊन पुढे गळती लागते.

सुटल्यावर दांड्याशी शेंगतेलाचा एक थेंब सोडला तर तात्पुरते काम भागते. खोबरेल वापरू नये, कारण ते 24 अंशांच्या खाली थिजू लागते आणि बेळगावच्या थंडीत सकाळी सकाळी ते बुशमध्ये मेणासारखे बसते. शिलाई मशीनचे तेल तर अजिबात नको, ते झिरपून खाण्यात उतरते. खाण्याचे तेलही कालांतराने चिकट होते, तेव्हा भांडे वारंवार जड होत असेल तर तेलावर भागवत न राहता बुश बदलून घ्यावा. दूध बुडाखाली झिरपत असेल तरीही उत्तर तेच आहे: बुश आणि सील झिजली आहे, आणि ते भांडे त्या क्षणापासून वापरणे थांबवावे, कारण झिरपलेले दूध थेट मोटरीच्या दांड्यावर उतरते.

रोजची काळजी एवढीच घ्यावी. स्मूदी ओतून झाल्याबरोबर त्याच भांड्यात एक ग्लास पाणी घालून दहा सेकंद मिक्सर चालवावा आणि भांडे पालथे घालून वाळवावे.

पाचवी तपासणी: लाल बटण आणि एक ग्लास पाण्याची चाचणी

मिक्सर पूर्ण गप्प असेल तर प्लग काढून तो उलटा करावा. बहुतेक मिक्सरच्या तळाला एक लहान बटण असते, पुष्कळदा लाल रंगाचे. हा ओव्हरलोड स्विच. जास्त प्रवाहाने तापून तो वीज तोडतो, म्हणजे तुमची मोटर वाचवतो. तो गार होईपर्यंत बटण दाबले तरी बसत नाही, म्हणून वीस ते तीस मिनिटे थांबावे आणि मग "टक्" असा आवाज येईपर्यंत एकदाच दाबावे. मोठ्या माणसांनी मुलांना हे बटण दाबून धरायला सांगितल्याचे मी पाहिले आहे. ते करू नये.

त्यानंतर भांड्यात फळ न घालता फक्त एक ग्लास पाणी घालून मिक्सर वीस सेकंद चालवावा. पाण्यावर तो सुरळीत चालला तर मोटर ठीक आहे आणि दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या तपासणीत शोधावा. पाण्यावरही बटण पुन्हा उडाले तर घरची तपासणी संपली. मिक्सरच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर एका वेळी किती मिनिटे चालवावा आणि मध्ये किती थांबावे हे छापलेले असते. पाहुणे आले की लागोपाठ आठ-दहा भांडी काढणाऱ्यांनी ती ओळ अवश्य वाचावी.

सहावी तपासणी: वीज आणि प्लग

230 व्होल्टवर 750 वॅटचा मिक्सर सुमारे सव्वातीन अँपिअर घेतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. बारीक वायरीच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर, किंवा एकाच पॉइंटवर फ्रीजबरोबर लावलेल्या मिक्सरला हा सुरुवातीचा जोर मिळत नाही. मिक्सर थेट भिंतीतल्या प्लगला लावून पाहावा. वापरानंतर प्लग हाताला गरम लागत असेल तर सॉकेटची पकड सैल आहे आणि ते इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावे.

विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी असण्याचाही प्रश्न आहे. या प्रकारच्या मोटरीचा सुरुवातीचा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दाब दहा टक्के घटला तर जोर जवळजवळ वीस टक्के घटतो. भाचीच्या गावी शेतातले पंप चालू असतात त्या वेळात तिचा मिक्सर केळ्यावरच थांबायचा, आणि त्याच प्रमाणाची स्मूदी इतर वेळी विनासायास व्हायची. तिने पंखा मंद फिरतो आहे का, हे पाहून मिक्सर लावायची सवय केली, त्यानंतर लाल बटण उडालेले नाही. तुमच्याकडेही दोष ठरावीक वेळीच येत असेल तर आधी घड्याळ पाहावे, मिक्सर नंतर.

सातवी तपासणी: कपलरचे दाते

टकटक आवाज आणि काळी पूड असेल तर मोटरीवरचा आणि भांड्याखालचा असे दोन्ही कपलर उजेडात पाहावेत. दाते कोपऱ्यांवर गोल झाले असतील, फुटले असतील किंवा मधले भोक सैल झाले असेल तर कपलर बदलावा लागतो. मिक्सरच्या सुट्या भागांत हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. एकच झिजला असला तरी दोन्ही एकदम बदलावेत, कारण जुना दाता नव्याला लवकर खातो. प्रत्येक मिक्सरचा कपलर वेगळा असतो, म्हणून जुना काढून नमुना म्हणून दुकानात न्यावा.

मोटरीवरचा कपलर सहसा मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवल्यावर सुटतो, कारण उलट दिशेने तो चालताना आपोआप आवळत गेलेला असतो. हाताच्या जोराने सुटला तर उत्तम. दांडा धरण्यासाठी खालचे झाकण उघडावे लागत असेल, तर तेथे थांबावे.

येथे थांबावे आणि मिस्त्रींना बोलवावे

पुढीलपैकी एकही गोष्ट घडली तर मिक्सरचा प्लग काढून ठेवावा आणि पुन्हा "एकदा लावून बघू" म्हणू नये: वार्निशचा उग्र वास किंवा धूर, खालच्या जाळीतून मोठ्या ठिणग्यांचे कडे दिसणे, मिक्सर लावताच घरातला एमसीबी (वीज आपोआप तोडणारा मीटरजवळचा स्विच) पडणे, भांडे काढलेल्या मोटरीचेही नुसते घुमणे, आणि दूध किंवा पाणी मोटरीत उतरणे. शेवटच्या बाबतीत वरून पुसून काही होत नाही, आतली ओल दिवसेंदिवस राहते आणि दुधातली साखर गुंडाळीवर चिकटते.

स्टीलच्या भांड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले तर ती सर्वांत गंभीर खूण आहे. मिक्सर तर बाजूला ठेवावाच, पण स्वयंपाकघरातले अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवलेला मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिला आहे. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून असा मिक्सर चालवणे जिवाशी खेळणे आहे.

कार्बन ब्रश, गुंडाळी, बेअरिंग आणि स्विच ही कामे घरी करू नयेत. ब्रश बदलणे सोपे दिसते, पण तो तिरका बसला तर ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर तो घासतो त्या खराब होतात आणि लहान खर्चाचा मोठा खर्च होतो. वॉरंटी बाकी असेल तर एकही स्क्रू सोडू नये, बिल शोधून कंपनीच्या सेवा केंद्रातच न्यावे.

मिस्त्रींकडे जाताना नुसती मोटर नेऊ नये, ज्या भांड्यात दोष दिसतो ते भांडे झाकणासकट बरोबर न्यावे. दोष भांड्यात असेल तर मोटर त्यांच्याकडे उत्तम चालते, ते "काही झालेलं नाही" म्हणून परत देतात आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. त्यांना नेमके सांगावे: पाण्यावर चालतो की नाही, लाल बटण किती वेळा उडाले, वास कोणता आला, गळती आहे का. एवढे सांगितले की त्यांचाही वेळ वाचतो आणि नको तो भाग बदलला जात नाही. दुरुस्ती झाल्यावर दुकानातच भांड्यात एक ग्लास पाणी घालून वीस सेकंद चालवून दाखवायला सांगावे, आणि पैसे देण्यापूर्वी भांडे उचलून त्याचे बूड कोरडे आहे ना, हे बोट फिरवून पाहावे.